वीस फुटांची आग

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटली की
भैरू येतो, भुवया अर्ध्या जळलेल्या,
आणि आमच्या खेळात मांत्रिक होतो.

शिवलिंग नियम वाचतो:
अग्निगोळा. वीस फुटांचा घेर. आठ फासे.
आग कोपऱ्यावरून वळते.
अंगावरचं जळत नाही,
बेवारस पडलेलं तेवढं पेटतं.

"आणि निवायला किती वेळ?"
"निवायचं काय त्यात? लागली, संपली."
भैरू हसत सुटतो.
फाउंड्रीत ओतलेल्या लोखंडाला
रात्र सरली तरी हात लावता येत नाही.

फासे टाकण्याआधी तो ओरडतो, "बाजूलाऽ!"
पळी उचलतानाची सवय.
पितळी ताटात खणखणाट.
शिवलिंग मोजतो, ऐदु, आरु, मूरु,
मी पाच, सहा, तीन;
एकतीसवर दोघं एकदम पोचतो.
सहा वेताळ राख.
कोपऱ्यातला कडबाही पेटला, तो कुणाचाच नव्हता.

पुढच्या फेरीत दिलावर घेरात सापडलाय.
दिलावर म्हणजे शर्टाचं निळं बटण;
खरा दिलावर समोर शेंगा सोलतोय,
म्हणतो, "टाक रे, मरतोय थोडाच!"

"त्याला वगळून सोडता येईल?"
"तेवढी विद्या नाही तुझ्याकडं."

भैरूची मूठ मिटलेलीच.
फार हळू, बटणाकडं बघत,
"बाजूला," म्हणतो.