किनारपट्टी

सहामाहीचे पेपर तपासतोय.
सातवी ब, भूगोल, प्रश्न चौथा:
आपल्या गावाचे स्थान सांगा. गुण पाच.

एकोणतीस पोरांनी मीच सांगितलेलं मला परत केलंय.
उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर,
मधून तापी, जमीन काळी, पीक केळी.
तिसावा पेपर जुबेदा सरदार तडवीचा.
‘सावदा हे समुद्रकिनारी वसलेले आहे.’
खाली पट्टी धरून ओढलेली रेघ.

मी हसलो.
आमच्याकडे समुद्र म्हणजे
लग्नानंतर एकदा बघून यायची गोष्ट,
फोटोत पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
सुरत इथून एका रात्रीची गाडी.

पण पोरीनं पुढे लिहिलंय:
‘सर म्हणाले नदी माती वाहून नेते.
म्हणजे आमच्या बांधाची माती तिकडे पोचली.
जिथे आपली माती तिथे आपला किनारा.’

लाल पेनाचं टोपण लावलं.

खरं तर बऱ्हाणपूरचं कापडही असंच उताराला लागायचं,
लमाणांच्या बैलांवर, घाटाघाटांत मुक्काम करत,
आणि गलबतं वाट बघत उभी असायची.
मग सातासमुद्रापार कुठेतरी भाऊ भाऊ लढले,
इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला,
रूळ आले, जिनांची धुराडी आली.
तिकडची लढाई मिटली, इकडचा भाव बसला.
रूळ तेवढे राहिले.

त्या रुळांवर वाघिणी लागायच्या.
माझे वडील त्यात घड रचायचे,
खाली पाला, वर पाला, चिकाचे डाग मरेपर्यंत सदऱ्यावर.
लहानपणी मला वाटायचं
वाघिणी केळी खातात,
दिल्लीला जाऊन पोट रिकामं करून येतात.

आता डिगंबर भिरूडच्या शेडमध्ये
बाया फण्या तुरटीच्या पाण्यात बुडवतात,
तेरा किलोचं खोकं, वर अरबी अक्षरं.
कंटेनर न्हावाशेव्याला सुटला की
डिगंबर बांधावर उकिडवा बसून
मोबाइलात जहाज शोधतो.
निळ्यावर एक ठिपका. बोटानं मोठा करतो.
‘मास्तर, हाललंच नाही कालपासून.’
त्याच्या पायाशी ठिबकची नळी टपटपते,
मागे बोर्डाचा भाव एक, व्यापाऱ्याच्या तोंडचा दुसरा,
आणि आभाळात वादळाचं काही नाही ना,
हे तो माझ्याशी बोलता बोलता तीनदा बघतो.
एका वाऱ्यात उभी बाग आडवी होते इथे.
कोळ्यालाही असंच बघावं लागत असेल.

पुरवणीला टाचणीनं एक पुडी लावलीय.
‘माझे वडील बोअरच्या गाडीवर आहेत.
साडेसहाशे फुटांवर वाळू लागली. गोल गोटे लागले.
समुद्र आहे सर. फक्त खाली आहे.’

ही नदीची जुनी वाळू, मला ठाऊक आहे.
तापीनं हजारो वर्षं आपल्याच अंगावर
गाळ ओढून घेतला, त्याच्या तळाची.
वर्गात फळ्यावर मी हे काढून दाखवू शकतो,
थर, बाण, नावं.
माझ्या आजोबांच्या विहिरीत साठ फुटांवर
बादली बुडल्याचा आवाज यायचा,
हेही सांगू शकतो. ते अभ्यासक्रमात नाही.

पुडी उघडली. चमचाभर वाळू,
एक गोटा, हरभऱ्याएवढा, गुळगुळीत.
कोरडी खडखडीत.
पाणी लागलं की नाही, ते तिनं लिहिलेलं नाही.

रकाना अजून रिकामा आहे.
रात्रीचे साडेअकरा,
फैजपूर रस्त्याच्या अंगाला कुणाच्या तरी मळ्यात
बोअरची गाडी चालू आहे,
खिडकीची काच हलतेय.
लाटांचा आवाज नेमका कसा असतो
ते आठवून बघतोय.
फोटोत तो आलेला नाही.