कोलंबीची सालं

महापे, तिसरा मजला. एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
मी ब्लेडने चकती मधोमध कापते,
शहाळ्याच्या मलईसारखी पारदर्शक.
एका अर्ध्याला निळा रंग, दुसरा कोरा.
कडेला कड टेकवते. घड्याळ लावते.
अकराव्या मिनिटाला चिमट्याने उचलते:
एकच चकती. लोंबते, पण सुटत नाही.
निळा पलीकडे उतरू लागलेला.

वैजयंतीमॅडम म्हणतात,
बंध पक्के असते तर हे जमलं नसतं,
एकदा तुटले की तुटलेच.
हे सैल आहेत. सुटतात, पुन्हा धरतात,
आत दिवसभर हेच चाललेलं,
आपण कापलं नाही तरी.

वहीत लिहिते:
पहिल्या तासात औषध सहा टक्के.
दुसऱ्या दिवशी एकतीस.
सातव्या दिवशी अजून पाझरतंय.

दिवाळे गावात
आईचा उजवा पाय स्टुलावर.
टाचेच्या जखमेला चौथा महिना.
मिठागरात वीस वर्षं उभे राहिलेले हे पाय,
तेव्हाच्या भेगा खोबरेल लावून बुजायच्या.
"तुजा तो चीक मना लाव ना गो."
अजून उंदरांवरच आहे, आई.
"मंग उंदरांचा नशीब मोठा."

एक कुपी एकदा घरी आली होती.
रात्रभर फ्रीजमध्ये, दह्याच्या मागे.
सकाळी तशीच परत नेली.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर सह्या झाल्या
तेव्हापासून दादा उलव्याला.
गाडीने फार तर अर्धा तास.
गौरीलाही आला नाही.

कापलेली चकती जुळते, हे ऐकून
आईने एवढंच विचारलं,
"किती येल ठेवली त जुलत नाय?"
मी म्हटलं, कड वाळली की अवघड.
मग ओलं करावं लागतं. थोडं दाबून धरावं लागतं.
ती कोलंबी सोलत राहिली.

जेल ह्याच सालांपासून बनतं
असं मीच कधीतरी बोलून बसले.
तेव्हापासून ती सालं धुते, पत्र्यावर वाळवते,
"कंपनीला ने" म्हणते.
कंपनीत पावडर सीलबंद येते, लॉट नंबरसकट.
तरी मी नेते.
लॉकरमध्ये पाच पिशव्या झाल्यात.

परवा मॅडमनी विचारलं, वास कसला गं?
खाडीचा, मी म्हटलं.
खिडकी बंदच होती.