ती जागा

माझ्या भाषेत त्या जागेला दोनच शब्द:
एक शिवीतला,
एक नववीच्या पुस्तकातला, जो सरांनी
'हे घरी वाचा' म्हणून पानासकट उलटला.
तिसरा शब्द मला सोहारपर्यंत भेटला नाही.

आठ खाटांची खोली, बाथरूम एक,
कडी तुटलेली, म्हणून दाराला आतून बादली.
माणशी सात मिनिटं.
त्यातल्या दोन मिनिटांत, मोबाईलच्या उजेडात,
मी पहिल्यांदा नीट पाहिलं,
बेचाळिसाव्या वर्षी:
टोकाच्या कडेने एक रांग, बारीक पांढुरके दाणे,
राजगिऱ्याएवढे, एकसारखे,
जणू कुणी मनगट न हलवता
वेल्डिंगचा टाका ओढत नेलाय.

पाइपावर असा टाका दिसता
तर मीच खडूने 'पास' लिहिलं असतं.

पण अंगावर?
दोन महिन्यांवर व्हिसाचं मेडिकल.
रक्त काढतात, छाती बघतात,
आणि काही निघालं तर सामान बांध.
सुलभा फोनवर म्हणे, वाळलात.
मी म्हणे, इथला उन्हाळा.
रात्री एसीच्या घरघरीत हिशेब मांडायचो:
कंपनीचा कमोड,
एजंटच्या खोलीत नेसलेली कुणाची तरी लुंगी,
आणि एक जुनी आठवण,
जी हिशेबात धरायची की नाही
ते ठरत नव्हतं.

मन्सूर खोतने ट्यूब दिली, चामखिळीची.
कुणासाठी, विचारलं नाही त्याने.
तीन रात्री आग आग.
चौथ्या दिवशी कातडी सोललेली
आणि दाणे जिथल्या तिथे,
हजेरीला उभे असल्यासारखे.

'रगूवीर शिगवान!'
नर्सच्या तोंडून माझं नाव कुणा दुसऱ्याचंच वाटलं,
बरंच झालं.
डॉक्टर कुरुविलांनी हातमोजे घातले,
दिवा खाली ओढला,
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.
मग ते म्हणाले,
हे तरुणपणापासून असणार. तुम्ही आत्ता पाहिलं, एवढंच.
कुणाकडून आले नाहीत, कुणाला जाणार नाहीत.
खूप पुरुषांना असतात.
ही आग दाण्यांची नाही, तुमच्या ट्यूबची आहे.
खरवडू नका, जाळू नका,
बायकोला सांगायचं तर सांगा.

माझा सदरा ओला झाला होता, एसीत.

मी पट्टा लावत होतो तेव्हा
ते पेन तसंच धरून बोलले:
पण नवीन काही उगवलं, वाढत चाललं,
कोबीच्या गड्ड्यासारखं फुललं,
रक्त आलं, पू आला,
लघवीला जळजळलं, जांघेत गाठ लागली,
किंवा जखम दिसली, तर मन्सूर नको. मी.
आणि जखम दुखत नसेल तर?
का कोण जाणे, मी विचारलं.
तर आणखी लवकर, ते म्हणाले.

तीन रियाल. पावती मी अजून ठेवली आहे.

खोलीत मी सगळ्यांसमोर बोललो.
कुठल्या शब्दात, ते आता आठवत नाही,
पण मोठा हशा झाला,
मन्सूर तर खाटेवरून घसरला.
बिरंची हसला नाही.
ओडिशाचा पोर, तेवीसचा,
रात्री भाताचं पातेलं घासताना
माझ्याकडे न बघता म्हणाला:
दादा, माझे दाणे नाहीत.
एकच आहे. उघडं.
दुखत नाही, म्हणून मी...
नळ त्याने बंद केला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तोच बाक, टोकन सत्तावीस.
तो गुडघ्यावर बोटं वाजवत होता.
आत गेल्यावर काय म्हणू, दादा?
त्याच्याही भाषेत दोनच शब्द होते.
मी म्हटलं, काही म्हणू नकोस. दाखव.

नर्सने नाव पुकारलं, चुकीचं.
तो उठला नाही.
मी त्याच्या खांद्याला हात लावला.