गंगावन

मानेमागे, अंबाडा टेकतो तिथून
पेन्सिलीएवढी बट कापायची.
मुळाशी दोरा बांधायचा.
मूळ कुठलं, टोक कुठलं,
पाकिटावर बाण काढून दाखवायचं.
केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो,
म्हणजे वीतभर वेणीत
पावणेदोन वर्षांची मासळी साठलेली असते,
आणि मासळीत असेल तर पारा.

एवढंच शिकवून रत्नागिरीहून पाठवलं मला
करजाळीच्या खाडीवर.
सोबत स्टीलची कात्री, स्पिरिट, सत्तर पाकिटं.

शनिवारी कोणी केस देईना.
सोमवारी अवस निघाली.
मंगळवारी हलीमाबी सोलकर म्हणाली,
"परक्याच्या हाती केस? कुनी भावलीला बांधले म्हंजे?"
मी म्हटलं, बांधणार नाही कोणी,
आम्ही ते तेजाबात विरघळवतो.
ती आणखी दोन पावलं मागे सरली.

शेवटी बसली रखमाय पालशेतकरीण,
माझ्याकडे पाठ करून, चुलीपाशी.
पोटऱ्यांवर चिखल वाळलेला,
बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडलेली, सोललेली कातडी.
फॉर्मात त्याला जागा एवढीच:
खाज, हो किंवा नाही.
"आठवड्यातून किती वेळा मासे खाता?"
ती हसली, पाठ गदगदली.
"खात नाय त्ये दिस इचार गो."

चार महिन्यांनी आलेख आला.
काळ्या रेघेला पावसाळ्यात एक उतार:
बंदीचे दिवस, होड्या शाकारलेल्या,
भात आणि कुळथाची पिठी.
नारळी पुनव झाली की रेघ पुन्हा चढते.
मधेच, माघाच्या सुमाराला,
एक बारीक खड्डा.
मी त्याच्याभोवती शिसपेन्सिलीने गोल केला होता:
यंत्राची चूक?
रखमायने नेमकं तिथेच बोट ठेवलं.
"हितं माजा घोव वारला.
म्हयनाभर मासली शिवली नाय मी."

मी गोल खोडला. कागद थोडा फाटला.

अहवालात एक रकाना कोराच राहिला होता:
कारखान्यांपूर्वीचं प्रमाण. माहिती उपलब्ध नाही.
वर वसाहत आली तेव्हा
खाली कोणी काही मोजून ठेवलं नव्हतं,
गाळ नाही, कालवं नाहीत, माणसं तर नाहीतच.
मग वाढलं म्हणायचं ते कशावरून,
असं साहेब बैठकीत म्हणाले,
बाटलीतलं पाणी पिता पिता.

हे मी तिला सांगायला नको होतं बहुतेक.
ती उठली. पत्र्याची पेटी ओढली.
हळदीचे डाग पडलेल्या फडक्यातून काढलं
एक गंगावन,
काळंभोर, हातभर लांब.
"माज्या आयच्या क्यासांचा.
रोज फनीत यायचे त्ये जमवून वळलान तिनं,
माज्या लग्नाला.
तवा वर कारखाना नव्हता, निसता डोंगर.
करवंदा खायला जायचो आमी."

मी नियम सांगितला.
तारीख नाही, संकेतांक नाही,
मूळ आणि टोक एकमेकांत वळलेलं.
यातले महिने वाचता येणार नाहीत.

"म्हयने कशाला व्हयत तुला?
आक्खी आय हाय ती."

मग जरा थांबून,
"पन थोडेच घे. नातीच्या लग्नाला लागल."

हलीमाबी दारात येऊन उभी होती,
हातात टोपली तशीच.
तिन्हीसांज झाली होती.
या वेळी केसाला कात्री लावू नये
हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.
रखमायने दिवा माझ्याकडे सरकवला.
मी कात्री पुसली, दोनदा.

पाकीट एकाहत्तरावं, घरचंच, लग्नपत्रिकेचं.
नाव विचारून लिहिलं: भागीरथी.
वयाच्या रकान्यात रेघ ओढली.
बाणाची जागा
मोकळी सोडली.