मेजावरची रेघ

मिसेस व्हेनेबलच्या खानावळीत
बुधवारी रात्री सातजण जेवायला होते,
सातही काँग्रेसचे सभासद.
सातांचेही सदरे मीच धुते,
म्हणून कुणाची कॉलर कुठं विरलीय
आणि कुणाला भाषणाआधी घाम फुटतो, मला ठाऊक.

हरणाचं मांस झालं, पुडिंग झालं.
मग केंटकीच्या गृहस्थांनी ताटं बाजूला सारली
आणि मेजावर देश मांडला.
चमचा म्हणजे मिसिसिपी.
मीठदाणी म्हणजे सेंट लुई.
पावाची कड म्हणजे मेन, तिकडे वर, थंडीत, एकटीच.
"हे आत आलं, की ते आत येईल,"
म्हणाले, आणि काटे मांडत गेले:
अकरा इकडे, अकरा तिकडे.
काटे कमी पडले.
मी आणखी आणून दिले.

मग कुणीतरी बोट मदेरात बुडवलं
आणि पश्चिमेकडे ओढत नेलं,
मीठदाणीच्या खालून, पार मेजाच्या काठापर्यंत,
जिथून कापड खाली लोंबतं.
"छत्तीस अंश, तीस मिनिटं.
वर गुलाम नकोत, मिसूरी सोडून.
खाली हरकत नाही."
लोणी जरा इकडे सरकवा, म्हणावं
तितक्याच आवाजात.

पेनसिल्व्हेनियाचे म्हातारे तेवढे खुर्ची सारून उठले.
जिना चढताना त्यांचा खोकला
बराच वेळ ऐकू येत होता.
सकाळी त्यांचाही सदरा
बाकीच्यांसोबत एकाच टोपलीत होता.

माझा एनॉख अकरा वर्षांचा.
ऑक्टोबरात व्यापाऱ्यानं त्याचे दात पाहिले,
गुडघे दाबून पाहिले,
मिसेस व्हेनेबलनं पावतीवर वाळू भुरभुरली,
फुंकली.
अलेक्झांड्रियाहून निघालेली रांग कुठं गेली
ते कुणी मला सांगावं कशाला?
एकजण म्हणतो अलाबामा. दुसरा म्हणतो नाचेझ.
घोड्यांना पाणी दाखवणारा सिलास म्हणतो,
तिकडे नवी जमीन निघालीय,
बुंधे उपटायला पोरं लागतात.
नवी जमीन!
मला वाटायचं जमीन जुनीच असते,
माणसं तेवढी तिला नवी नवी लागतात.

मध्यरात्री कापड धुवायला घेतलं.
ओल्या रेघेवर मीठ दाबलं,
उंचावरून उकळतं पाणी सोडलं,
राखेचं पाणी, साबण,
मग कंबर बोलेपर्यंत घासणं.
रेघ गुलाबी झाली. मग करडी.
मग फक्त मला दिसेल इतकी.
काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात;
ही तर पांढऱ्या कापडावरची,
तरी दोन टब पाणी प्यायली.

रेघेच्या खाली, चार बोटांवर,
एक थेंब सांडला होता,
रेघ ओढणाऱ्याच्या बोटावरून गळालेला.
त्याला मेजावर कुणी नाव दिलं नव्हतं.
अलाबामा तिथं येतं का, नाचेझ येतं का,
मला नकाशा वाचता येत नाही.
तो मी घासला नाही.

निळीतून काढलं, इस्त्री फिरवली, घडी घातली.
सकाळी मिसेस व्हेनेबलनं खिडकीशी धरलं,
नखानं खरवडून पाहिलं.
"केझाया, हे राहिलंय इथं."
साबण कच्चा आहे, म्हटलं.
यंदाचा साबण
खरंच कच्चा निघाला होता.

शुक्रवारी पुन्हा तेच कापड अंथरलं.
वरच्या मजल्यावरून सातजण उतरले,
आज कुणीच काही मांडलं नाही, नुसते जेवले;
काम झालं होतं बहुतेक.
मी सूपचं भांडं आणलं.
थेंबावर नाही ठेवलं,
शेजारी ठेवलं.
फेब्रुवारी आहे,
भांडं गरम असतं.