नीळ

पहाटे चार वाजता पातेल्यात नीळ कालवली,
ग्लिसरीन, मूठभर मुलतानी माती.
दिग्दर्शक म्हणाला होता, त्या बेटावरच्या टोळ्या
लढाईआधी अंगाला निळं फासायच्या.
मी गोरेगावचा रंगवाला. पंचवीस वर्षांत
देव रंगवले, राक्षस, एकदा मंगळावरचं अख्खं गाव.
केल्ट पहिल्यांदाच.

पंचाहत्तर हवे होते.
ते आले चित्रनगरीच्या मागच्या पाड्यावरून, चालत:
काकड्या वरठा, त्याची मावशी मथी,
कडेवर पोर घेतलेली चैती (पोराला बाजूला बसवलं,
तरी त्यानं गाल पुढे केला, मी बोट टेकवलं).
दिवसाचे आठशे, जेवण, मेलात तर शंभर जास्त.
"दोनदा मेले तर?" मथीनं विचारलं.

रोमन कांदिवलीच्या जिममधले.
फायबरची चिलखतं, शिरस्त्राणावर
झाडूच्या केसांचे लाल तुरे.

सहायक पोरगा समजावत होता:
"ही तुमची जमीन. हे परके.
यांनी गुरं मोजली, शेतं मोजली, कर बसवला.
तुमचा राजा मेला, तर राज्य लिहून घेतलं,
राणीला चाबकानं… ते आपण दाखवत नाही.
तर तुम्हाला राग आलाय. जमेल?"
पंचाहत्तर निळी तोंडं गप्प.
मग काकड्या: "मोजताना एक जण छत्री धरून असतो का?
तीन पायांवर दुर्बीण?"
"ते आत्ताचं. हे दोन हजार वर्षांपूर्वीचं."
"मग दोरीनं मोजत असतील," मथी म्हणाली.
"दोरी भिजवली की आखडते.
जमीन तेवढीच, सारा वाढतो."

पहिल्या टेकला सगळे नीट मेले.
दुसऱ्याला वारा सुटला, रोमनांचे तुरे उडाले.
तिसऱ्याला
टेकडीवरून ते उतरले तेव्हा
जी आरोळी आली ती कागदावर नव्हती.
माझ्या हातातला ब्रश थांबला.
कांदिवलीची फळी ढाली टाकून पळाली,
तळ्याच्या कडेनं, थेट चहाच्या टपरीपर्यंत.

कट! कट!
भोंग्यातून दिग्दर्शक:
"अरे, इतिहासात तुम्ही हरता!"
भाल्यावर रेलून, धापा टाकत मथी:
"आजच?"

जेवणानंतर हरले. पोट भरल्यावर
माणूस बरा पडतो.

संध्याकाळी खोबरेलाचे बोळे घेऊन बसलो.
नीळ चेहऱ्यावरून जाते,
तळहाताच्या रेषांत राहते.
"राहू दे," मथी म्हणाली, आणि हात मिटला.
रात्री सामानाच्या हिशेबात एक भाला कमी भरला.
लाकडी, टोकाला पत्रा. साठ रुपये
माझ्या नावावर.

पंधरा दिवसांनी तो मागायला पाड्यावर गेलो.
वाटेत प्रत्येक दारावर, आंब्याच्या खोडांवरही
लाल रंगात आकडे: एकेचाळीस, बेचाळीस.
हात सराईत नव्हता, ओघळ पुसले नव्हते.
त्रेचाळीस सापडेना.
मथीच्या दारावर निळे पंजे होते, दहा-बारा,
एकावर एक, एक अगदी लहान.
माझ्याच पातेल्यातली नीळ; रंग मी ओळखतो.
खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं नाही.

ती भाल्यानं चिंचा पाडत होती.
"न्यायचा तर ने," म्हणाली.
मी म्हणालो, वहीत लिहून झालंय आता.
तिनं पदरातल्या चार चिंचा दिल्या.
कच्च्या होत्या.
गोरेगाव येईपर्यंत दात आंबलेले.