बर्फाचं यंत्र बंद ठेवून

दर गुरुवारी, चौथ्या गाण्याच्या आधी
मी बर्फाच्या यंत्राचं बटण बंद करतो.
आमच्याकडचा नियम आहे तो, लिहिलेला नाही कुठे.
तोवर कुणाला कळतही नसतं की ते घरघरत होतं.
बंद झालं की मात्र माना उंचावतात,
जणू खोलीतून कुणीतरी उठून गेलं.

खुर्च्या बत्तीस. मोडीत निघालेल्या एका चर्चमधल्या,
पाठीला प्रार्थनेच्या पुस्तकासाठी लाकडी खण.
त्यात आता बिलं, हातमोजे, बाटल्यांची बुचं.
एकदा कवळी सापडली. महिनाभर गल्ल्यापाशी ठेवली,
कुणी मागायला आलं नाही.
त्याआधी इथं जोडे दुरुस्तीचं दुकान होतं;
डुलुथमधलं बर्फ वितळायला लागलं
की भिंतींना अजून कातड्याचा वास सुटतो.

आज तिघं होते.
गॉर्डन लाफर्निअर, दिवसा छपरं घालतो, अंगठ्याचं नख काळंनिळं.
विनिपेगहून बसनं आलेली ब्रिन,
प्रत्येक गाण्याआधी माफी मागणारी.
आणि आयली कोस्केला. सकाळी शाळेची बस चालवते,
पोरं उतरली की रिकाम्या बसमध्ये गाणी रचते.
एक ओळ म्हणजे एक लाल सिग्नल, असं तिचं मोजमाप.

रंगमंच कसला, एक गालिचा.
इतक्या जवळून गाणं ऐकणं तसं अवघडच.
तारेवरून सरकणारं बोट चिरकतं, ते ऐकू येतं,
गिळलेला आवंढाही,
आणि मग कुठं बघावं ते समजत नाही.
मोठ्या सभागृहात माणूस लपून रडू शकतो.
इथं शेजारच्याचं कोपर असतं.

चौथं गाणं आयलीचं. नवीन आहे, म्हणाली,
एका स्वयंपाक्याबद्दल.
खनिज वाहणारं जहाज, वर्षातले नऊ महिने पाण्यावर,
अठ्ठावीस माणसं, आणि कुणाला अंडं कसं लागतं
ते त्याला झोपेतही पाठ.
घरी आला की पोरीला विचारायचा,
तुला कसं करू गं?
दर हिवाळ्यात. नव्यानं.

रायनो कोस्केला मागच्या खांबापाशी होता,
कॉफी घेऊन, टोपी न काढता.

दुसऱ्या कडव्यात भोंगा वाजला. लांब, आखूड, आखूड.
या हंगामातलं पहिलं जहाज.
पुलानं त्याला तसंच उत्तर दिलं.
आयली तार धरून थांबली. रायनोनं टोपी काढली,
गाण्यासाठी की जहाजासाठी, मला नाही सांगता येणार.

भोंगा विरला, आणि तिला पुढची ओळ आठवेना.
तोच स्वर पुन्हा. पुन्हा.
ब्रिनच तिच्या वतीनं माफी मागेल असं वाटलं.
तेवढ्यात खांबापाशून, न गाता,
गल्ल्यावर ऑर्डर द्यावी तसा आवाज:
"पिवळं कच्चं. कडेनं जरा करपलेलं."

हशा पिकला. मीही हसलो.
आयलीनं ते शब्द उचलले आणि चालीत बसवले.
बसत नव्हते. दोन मात्रा जास्त होत होत्या.
तरी बसवले.
टाळ्या वाजल्या त्या उशिरानं,
आणि कुणीतरी एकट्यानंच सुरू केल्यासारख्या.

आवरताना ती गल्ल्यापाशी आली.
"करपलेलं म्हणाला, की जळलेलं?"
करपलेलं, मी म्हटलं.
तिनं बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं.
"माझं नाही ते," म्हणाली. "आईचं."

यंत्र चालू करायचं राहूनच गेलं होतं.
गल्ल्याखाली पाण्याचं थारोळं.
गॉर्डन गिटार पाठीवर टाकून म्हणाला,
छप्पर गळत असेल तर सांग, गुरुवारी सूट देतो.
मी फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलो.
पाणी अजून गार होतं,
आणि बटणाकडे हात गेला नाही लगेच.